झाकली मूठ: मोबाइल नव्यानं हातात घेणाऱ्यांसाठी

सांगलीत मारुती चौकाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. सुरुवातीला एक मशीन आणि एक स्टूल होतं. आता कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर, लॅमिनेशन सगळं आहे, आणि दिवसाला शेकड्यानं आधारकार्डं माझ्या हाताखालून जातात. गिऱ्हाईक येतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढतं आणि म्हणतं, "पाच काढा." मी विचारतो, कशाला पाच? "असू देत हो, कुठं ना कुठं लागतात."

ते "असू देत" माझ्या मनातून जात नाही. पाचातल्या दोन कामाला लागतात. उरलेल्या तीन गाडीच्या डिकीत, दुकानाच्या गल्ल्यात, एजंटाच्या बॅगेत, नाहीतर रद्दीत जातात. आता तर कागदाचंही काम राहिलं नाही. फोटो काढला की कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा ठिकाणी पोचतं, आणि तिथून परत येत नाही.

ज्यांनी गेल्या चार-पाच वर्षांत पहिला स्मार्टफोन घेतला, ज्यांचे आई-वडील गावाकडं फोन वापरायला शिकताहेत, किंवा ज्यांना हे सगळं कधी कुणी बसवून सांगितलं नाही, त्यांच्यासाठी मी लिहितोय. सगळं एका दिवसात करू नका. रोज संध्याकाळी जेवणाआधी एक पायरी घ्या, आठवड्या-दीड आठवड्यात होऊन जाईल. सूत्र एकच धरा: कामापुरतं द्यायचं. कोण मागतंय, कशासाठी मागतंय, आणि त्या कामाला नेमकं किती लागतं, एवढं विचारून मग हात पुढं करायचा.

आधी एक शंका

"आपल्यात काय लपवण्यासारखं आहे? आपण काय चोरी केली?" हे मला रोज कुणी ना कुणी म्हणतं. त्यांना मी जनावरांच्या बाजाराची आठवण करून देतो. बैलाचा सौदा व्हायचा तेव्हा व्यापारी आणि शेतकरी रुमालाखाली हात घालून बोटं धरायचे आणि भाव ठरवायचे. भोवती पन्नास माणसं उभी असायची, पण भाव दोघांनाच कळायचा. त्यात कुणी चोरी करत नव्हतं. आपला भाव शेजारच्याला कळला तर पुढचा सौदा आपल्या हातात राहत नाही, हे त्या माणसांना पक्कं माहीत होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही आपलीच म्हण. खासगीपण म्हणजे तो रुमाल. तो चोरासाठी नव्हता, सौदा करणाऱ्या साध्या माणसासाठी होता.

सर्वोच्च न्यायालयानंही हे मानलंय. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं एकमतानं निकाल दिला की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. म्हणजे एखाद्या काउंटरवर "हे कशासाठी पाहिजे?" असं विचारताना तुम्ही आगाऊपणा करत नसता.

पायरी पहिली: कागद

फोनच्या आधी कागदाकडं बघू, कारण सुरुवात तिथूनच होते.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहायचं. कोपऱ्यात नाही, कोपरा कापता येतो. निळ्या पेननं, फोटोच्या आणि मजकुराच्या अंगावरून, तिरक्या दोन ओळी: "फक्त गॅस जोडणीसाठी", खाली तारीख, खाली सही. सहीची शेपूट फोटोवर आली पाहिजे. आकडे वाचता येतील एवढी जागा सोडा, नाहीतर समोरचा परत करेल. माझ्या काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन त्यासाठीच आहे. लिहिलेल्या झेरॉक्सचा गैरवापर होणारच नाही असं नाही, पण ती दुसऱ्या कामाला लावणाऱ्याला विचार करावा लागतो, आणि उद्या वाद झाला तर तुमच्या बाजूनं एक पुरावा असतो.

पतसंस्थेत कुणाला जामीन राहताना तर हे शंभर टक्के करा. कुणाच्या कर्जाला, किती रकमेच्या, हे सगळं लिहा. एका कर्जासाठी दिलेले कागद दुसऱ्या कर्जाच्या फाइलला लागलेले मी स्वतः पाहिलेत. त्या माणसाला दोन वर्षांनी नोटीस आली तेव्हा कळलं.

आता मास्क्ड आधार. यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. लॉजवर, खासगी ऑफिसात, सोसायटीच्या गेटवर, जिथं फक्त "हा माणूस हाच" एवढं दाखवायचं असतं, तिथं हे पुरतं. काढायचं असं: मायआधार डॉट यूआयडीएआय डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर जा, आधार नंबर टाका, मोबाइलवर ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा आकडा, येईल तो टाका, "डाउनलोड आधार" निवडा आणि तिथं मास्क्डच्या चौकटीत टिक करा. जी पीडीएफ येते तिला पासवर्ड असतो: इंग्रजीतल्या तुमच्या नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्माचं साल. इथंच निम्मे लोक अडतात आणि फाइल खराब आहे म्हणून परत येतात. फाइल ठीक असते, अक्षरं कॅपिटल हवीत. सरकारी योजनेच्या अर्जाला पूर्ण नंबर लागतो, तिथं तो द्यावाच लागेल. भांडत बसू नका.

आणि आधारच कशाला, हेही विचारा. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बँक खातं, सिमकार्ड, शाळाप्रवेश यांसाठी आधारची सक्ती काढून टाकली. ओळख पटवायला मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. लॉजवर मी कायम लायसन्स दाखवतो. आजवर कुणी अडवलं नाही.

खराब झालेली प्रत दुकानात टाकून जाऊ नका. कागद मशीनमध्ये अडकला, तिरका निघाला, काळा निघाला की आम्ही तो बाजूच्या खोक्यात टाकतो आणि दुसरा काढून देतो. ते खोकं शेवटी रद्दीत जातं. मी पाच वर्षांपूर्वी कागद कापायचं मशीन घेतलं, कारण एकदा समोरच्या गाड्यावर भजी घेतली तर पुडीच्या आतल्या बाजूला एका बाईंचं पॅनकार्ड होतं. फोटो, नंबर, सही, तेलात भिजून आरपार दिसत होतं. माझ्याच दुकानातून गेलं होतं की नाही, कोण जाणे. पण ती भजी मला गेली नाहीत. प्रत खराब निघाली तर मागून घ्या, चार तुकडे करा, घरी नेऊन चुलीत घाला.

महापुराचं थोडं

हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. आमचा सगळा भाग पाण्यात होता. पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तर चिखल, आणि पहिली रांग लागली ती भिजलेल्या कागदांची. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली, दहावीच्या प्रमाणपत्रावरची शाई पसरलेली, खरेदीखताचा लगदा. बायका गच्चीवर कागद वाळत घालून प्रत्येकावर एकेक खडा ठेवत होत्या.

त्या पुरानंतर सगळ्यांनी एक केलं: घरातल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढला आणि फोनमध्ये ठेवला. काहींनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, म्हणजे कुणाचा फोन गेला तरी दुसऱ्याकडं राहील. भीती खरी होती, उपायही समजण्यासारखा होता. पण त्या ग्रुपवर मेव्हणे, भाचे, भाच्याचे मित्र असे वीस जण आहेत, आणि गॅलरीचा ताबा मागणारं प्रत्येक अ‍ॅप ते कागद बघू शकतं.

यासाठी डिजिलॉकर आहे, म्हणजे कागद ठेवायचं ऑनलाइन कपाट. २०१५ पासून सरकारचंच आहे. त्यात आधार, पॅन, लायसन्स, गाडीचं आरसी बुक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका थेट मूळ खात्याकडून येतात, आणि अशा आलेल्या कागदाला कायद्यानं मूळ कागदाइतकीच किंमत आहे. खातं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या हातानं काढा. सहा आकडी पिन जन्मतारीख ठेवू नका. मग गॅलरीतले फोटो आणि ग्रुपवरचे फोटो पुसा. पुसल्यावर गॅलरीच्या "ट्रॅश"मध्ये ते महिनाभर पडून असतात, तिथूनही काढा. ज्यांचा कागद डिजिलॉकरमध्ये येत नाही, उदाहरणार्थ जुनं खरेदीखत, त्यांनी तो स्कॅन करून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि पेन ड्राइव्ह वरच्या मजल्यावर.

पायरी दुसरी: आमच्यासारख्या दुकानात आल्यावर

दुकानदार म्हणून सांगतो, त्यामुळं नीट ऐका.

तुम्ही प्रिंटसाठी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवता. प्रिंट मिळते, दहा रुपये देता, जाता. कागद मात्र दोन जागी राहतो: एक त्या चॅटमध्ये, दुसरा कॉम्प्युटरच्या "डाउनलोड्स" फोल्डरमध्ये. तुम्ही घरी जाऊन "डिलीट फॉर एव्हरीवन" केलंत तर चॅटमधला जातो. फोल्डरमधला जात नाही. मी रोज रात्री शटर ओढायच्या आधी तो फोल्डर आणि रीसायकल बिन रिकामं करतो. सगळे करत असतील असं धरून चालू नका. "दादा, माझी फाइल आत्ता डिलीट करा, बिनमधूनही," असं तिथंच उभं राहून म्हणा. चांगल्या दुकानदाराला राग येत नाही.

दुसरं त्याहून वाईट आहे. काही जण स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडतात, क्यूआर कोड स्कॅन करून. प्रिंट निघते आणि लॉगआउट न करता माणूस निघून जातो. एकदा सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर आदल्या दिवशीच्या एका मुलीचं व्हॉट्सअ‍ॅप समोर उघडं, आणि तिच्या आईचे मेसेज येत होते. मी लगेच बंद केलं आणि तिला फोन करून सांगितलं. ती रडायला लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ता फोन हातात घ्या, व्हॉट्सअ‍ॅप उघडा, वर तीन टिंबं, "लिंक्ड डिव्हायसेस". तिथं तुमच्या ओळखीचं नसलेलं काहीही दिसलं तर त्यावर बोट ठेवून लॉगआउट करा.

तिसरं ओटीपी. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीच्या अर्जांची झुंबड होती तेव्हा बायका फोनच काउंटरवर ठेवून जायच्या. "भाऊ, ओटीपी येईल तो बघून टाका, मी भाजी घेऊन येते." पुढं २०२५ मध्ये त्याच योजनेचं ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आलं तेव्हा पुन्हा तेच, आणि खोट्या संकेतस्थळांचे दुवेही ग्रुपवर फिरले. अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यायला हरकत नाही, पण ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायचा. त्यात कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. "आधार पडताळणी" लिहिलंय की "रुपये अमुक देण्यासाठी" लिहिलंय, हे बघूनच आकडा सांगायचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला शेजारी उभं करा.

पायरी तिसरी: अंगठा

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. आधारला जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, आणि गावोगावच्या बँक मित्रांमुळं ते फार सोयीचं आहे. पण काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांची रबरी नक्कल करून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे उघड झालेत.

उपाय आहे: बायोमेट्रिक लॉक. मायआधार संकेतस्थळावर "लॉक बायोमेट्रिक्स" आहे. एकदा केलं की तुमचा अंगठा, डोळा, चेहरा आधारसाठी चालत नाही. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. अट एवढीच की आधारला तुमचा चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा.

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. ज्या घरात दर महिन्याला रेशन दुकानात अंगठा द्यावा लागतो आणि अंगठा देणारी सासूबाई फोन वापरत नाही, त्या घरानं तिचं लॉक केलं तर पहिल्याच महिन्यात धान्य अडेल. तिथं घरातल्या एकाचं उघडं ठेवा, बाकीच्यांचं लॉक करा, आणि उघडं असलेल्याच्या खात्यात मोठी रक्कम ठेवू नका. त्याच संकेतस्थळावर "ऑथेंटिकेशन हिस्टरी" आहे. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं कुठं तपासलं गेलं ते दिसतं. महिन्यातून एकदा बघा. अंगठा मशीनवर उमटला नाही म्हणून पुन्हा पुन्हा द्यायला सांगितलं, तर प्रत्येक वेळी पावती मागा.

पायरी चौथी: तुमच्या नावावर किती सिमकार्डं

ही पाच मिनिटांची आहे. संचारसाथी डॉट गव्ह डॉट इन उघडा, तुमच्या नावावरची मोबाइल कनेक्शनं बघायचा पर्याय निवडा, नंबर आणि ओटीपी टाका. यादी येते. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात नऊपर्यंत सिम चालतात, त्यामुळं दोन जास्तीची असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर "नॉट माय नंबर" दाबा.

याच जागी हरवलेला फोन बंद करायची सोय आहे. त्याला आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, लागतो. आत्ताच फोनवर *#०६# डायल करा, जो पंधरा आकडी नंबर येईल तो कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. फोन हरवल्यावर तो फोनमध्ये शोधता येत नाही.

पायरी पाचवी: अ‍ॅपच्या परवानग्या

सेटिंग्जमध्ये जाऊन वरच्या शोधाच्या जागी "परमिशन मॅनेजर" लिहा. कंपनीगणिक मेनू वेगळा असतो, म्हणून शोधणंच सोपं. तिथं लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, कॅमेरा, मायक्रोफोन, एसएमएस अशा ओळी दिसतील. एकेक उघडा आणि स्वतःला विचारा: या अ‍ॅपचं काम काय, आणि याला हे कशाला? टॉर्चला कॉन्टॅक्ट्स कशाला? भजनाच्या अ‍ॅपला लोकेशन कशाला? काढून टाका. अडलं तर अ‍ॅप पुन्हा विचारेल. लोकेशनला शक्यतो "अ‍ॅप वापरताना" एवढंच द्या. फोन फार जुना नसेल तर वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो; तो दिसला की कॅमेरा किंवा माइक चालू आहे असं समजा.

एसएमएसची परवानगी सगळ्यात जपा, कारण ओटीपी तिथंच येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलान, पीएम किसानची यादी म्हणून जी "एपीके" फाइल येते ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. उघडलं की ते एसएमएस वाचायला मागतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके कुणीही पाठवू दे, सख्ख्या भावानं पाठवू दे; भावाचा फोन आधीच हातचा गेलेला असू शकतो.

कॉन्टॅक्ट्सचं एक उदाहरण. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं फोनवरूनच चार-पाच हजारांचं कर्ज घेतलं. अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट्स मागितले, त्यानं दिले. हप्ता दोन दिवस थकला आणि मला फोन आला: "तुम्ही झेरॉक्स काका का?" त्याच्या फोनमध्ये माझं नाव तसं होतं. पुढं जे शिव्या देऊन बोलले ते लिहीत नाही. त्याच्या आत्याला, क्लासच्या सरांना, होणाऱ्या सासऱ्यांना, सगळ्यांना फोन गेले. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सांगितलंय की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं ग्राहकाच्या फोनमधली नावांची यादी, कॉल, फाइल्स यांना हात लावायचा नाही. म्हणजे कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स मागतं तिथंच ते नियमाबाहेरचं आहे हे कळतं. आणि लक्षात घ्या, त्या पोरानं माझा नंबर देताना मला विचारलं नव्हतं. आपल्या फोनमध्ये फक्त आपलंच खासगीपण नसतं, गल्लीचं असतं.

पायरी सहावी: व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, "टू-स्टेप व्हेरिफिकेशन" चालू करा आणि सहा आकडी पिन ठेवा. मग कुणी तुमचा ओटीपी चोरला तरी पिनशिवाय खातं उघडत नाही. "प्रायव्हसी"मध्ये प्रोफाइल फोटो आणि ग्रुप्स दोन्ही "माय कॉन्टॅक्ट्स" करा. शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देणाऱ्यांच्या ग्रुपात आपोआप ओढलं जाणं थांबतं.

गूगलच्या खात्यात "डेटा अँड प्रायव्हसी"मध्ये तुम्ही काय शोधलं याची नोंद असते. ती तीन महिन्यांनी आपोआप पुसायला लावता येते, तसं करून ठेवा.

नातवंडांचे फोटो टाकताना शाळेचा गणवेश, बॅज, रिक्षाचा नंबर दिसत नाही ना, एवढं बघा. गावाला निघाल्याचा स्टेटस परत आल्यावर टाका.

पायरी सातवी: पुढं काय येतंय

आजवर माहिती विखुरलेली होती. सातबारा तलाठ्याकडं, पासबुक बँकेत, आजारपणाची फाइल मिरजेच्या दवाखान्यात. विखुरलेलं असणं हेच एक कुलूप होतं. आता ते जोडलं जातंय. सातबारा तर गट नंबर टाकला की कुणालाही ऑनलाइन दिसतो. शेतकरी ओळख क्रमांकानं आधार, मोबाइल आणि जमीन एका धाग्यात आली. याचे फायदे मी नाकारत नाही. पीकविम्यासाठी माणसं जे हेलपाटे घालायची ते मी पाहिलेत. पण जोडलेल्या माहितीतून काय उभं राहतं ते बघा. वाळवा तालुक्यातला एक शेतकरी धरा. त्याची दोन एकर, त्याचा नंबर, कारखान्यानं उसाचं बिल कधी जमा केलं हे सगळं एकाच्या हाती लागलं, तर त्याच आठवड्यात "तुमच्या बिलातले अकरा हजार अडकलेत, केवायसी करा" असा फोन येतो. आकडा बरोबर, नाव बरोबर, गाव बरोबर. विश्वास कसा बसणार नाही? म्हणून एक नियम घरात लावून घ्या: समोरच्याला आपली खरी माहिती आहे, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही.

त्यात आता आवाजाची नक्कल आलीय. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून कुणाचाही आवाज बनवता येतो. आपली निम्मी पोरं पुण्या-मुंबईला. रात्री अकराला पोराच्या आवाजात "बाबा, अपघात झालाय, या नंबरवर पैसे टाका" असं ऐकू आलं तर कुठल्या बापाचा हात थांबेल? यासाठी घरात परवलीचा शब्द ठरवा. एखादी गोष्ट जी फक्त घरातल्यांना माहीत असेल. विकलेल्या म्हशीचं नाव, जुन्या वाड्यातल्या विहिरीला आजी काय म्हणायची ते. तो शब्द कुठं लिहायचा नाही, मेसेजवर पाठवायचा नाही, जेवताना तोंडी सांगायचा. शब्द आला नाही तर फोन ठेवायचा आणि आपण होऊन पोराच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा. आमच्या घरी हे केलंय. आईनं निवडलेला शब्द आहे, आणि ती दर रविवारी माझ्या मुलाला फोनवर आधी तोच विचारते.

व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस "तुम्हाला डिजिटल अटक केलीय" म्हणाला तर फोन बंद करा. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही.

पायरी आठवी: कायदा तुमच्या बाजूनं किती आहे

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. तुमच्या कामाचं त्यात काय? संमती मागताना माहिती कशासाठी हवी ते साध्या भाषेत सांगावं लागेल, आणि मागितलं तर मराठीतही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या बावीस भाषांत ही सोय द्यायची आहे. दिलेली संमती काढून घेता येईल. चुकीची माहिती दुरुस्त करायला आणि नको असलेली पुसायला सांगता येईल. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-वडिलांची संमती लागेल. माहिती फुटली तर कंपनीनं तुम्हाला कळवायचं आहे. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

आता उणं. तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून भरपाई नाही. सरकारी यंत्रणांना सूट द्यायची वाट कायद्यात ठेवलेली आहे, आणि ती मला खटकते, कारण आपली सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याचकडं आहे. आणि कागदावरची झेरॉक्स, ती कुणी कॉम्प्युटरवर चढवत नाही तोवर, या कायद्यात बसतच नाही. म्हणून निळं पेन.

पायरी नववी: काहीतरी झालंच तर

पैसे गेले की पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत नंबरला. बँकेच्या शाखेत जाऊन रांगेत उभं राहण्याच्या आधी, घरच्यांना सांगण्याच्याही आधी. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात भराभर सरकत असतात; तक्रार लवकर गेली तर वाटेत गोठवता येतात. फोन करताना चार गोष्टी समोर ठेवा: तुमचा खाते नंबर, रक्कम, वेळ, आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक. तक्रारीचा नंबर मिळेल तो कागदावर लिहा. नंतर बँकेला कळवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही तक्रार देता येते. फोटो वापरून कुणी बदनामीची धमकी देत असेल तर तिथं बायका-मुलांसाठी वेगळी सोय आहे आणि नाव न सांगताही तक्रार घेतात.

शरमेपोटी मेसेज पुसू नका. फसवणाऱ्याचं चॅट, त्याचा नंबर, पाठवलेला दुवा, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि त्यांची प्रिंट घेऊन पोलीस ठाण्यात जा. प्रिंट काढायला माझ्याकडं आलात तर पैसे पडणार नाहीत, आणि फाइल तुमच्यासमोरच डिलीट करून देतो.